ताप कोणालाच नाही

१२ ऑक्टोबर २०२०

काळा आजार संपला म्हणे! सहा महिन्यांत एकही रुग्ण नाही. नव्या डॉक्टरसाहेबांनी आरोग्य केंद्राच्या फळ्यावर ऐटीत शून्य काढलंय. रुग्ण नाहीत, की शोधणारे नाहीत? रक्त तपासणारा माणूस करोनाच्या कामावर, लोकांच्या नाकात काड्या घालतोय. काळ्या आजाराच्या तपासणीच्या पट्ट्या कपाटात पडून. तीस वर्षं काढली मी त्या प्रयोगशाळेत. हा आजार पसरवणारी वाळूमाशी लॉकडाउन पाळते वाटतं!

१४ ऑक्टोबर

रामसखी आली होती — गावाबाहेरच्या मुसहर टोलीतली आशा सेविका. चार महिने घरोघर विचारतेय, "पंधरा दिवसांच्या वर ताप आहे का कोणाला?" एकच उत्तर — नाही. तिला येताना पाहून बायका पोरांच्या कपाळावरून ओलं फडकं फिरवतात. ताप म्हटला की करोनाची गाडी येते आणि माणसाला शाळेत नेऊन कोंडतात.

"खोटारड्या मेल्या!" मी म्हटलं.

"दीदी, ती गाडी तुमच्या दारात आली असती, तर तुम्ही खरं बोलला असता?"

मला असं तोंडावर सुनावणारी मिशनच्या शाळेतल्या सिस्टर अगाथानंतर ही दुसरीच.

२० ऑक्टोबर

काय डोकं आहे बाईचं! तापाचं नावच टाकलंय तिने. अंगणात फतकल मारून विचारते, "काय गं, यंदा छठचा उपास कोण कोण धरतंय? नवस कोणासाठी?"

घरचं माणूस बरं व्हावं म्हणून सूप घेऊन दारोदार भीक मागायची आणि त्या भिकेवर छठ करायची — हा नवस कोणी लपवत नाही. लपवला तर छठी माई कोपेल! एका सकाळीत आजाऱ्यांची अकरा नावं. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. तीस वर्षांत सुचलं नाही मला.

२१ ऑक्टोबर

डॉक्टर म्हणाले, "नवसाच्या यादीवरून तपासणी? तुम्ही रिटायर झालात, आराम करा." सिस्टर लोकांचं इंग्रजी काढलं बाहेर. पट्ट्या घेऊनच उठले.

२३ ऑक्टोबर

अकरांपैकी तिघांच्या पट्टीवर दोन रेषा — काळा आजार. त्यातली बुधनी सात वर्षांची. हातपाय काड्या, पोट ढोलकं. आणखी पंधरवडा गेला असता, तर पोर हाती लागली नसती.

तिची आई गाडीत बसेना. रामसखी म्हणाली, "हे बघ, मी आधी बसते. कोंडलं तर तिघींना कोंडतील. गाणी म्हणू." आणि चढली की!

२६ ऑक्टोबर

जिल्ह्याच्या रुग्णालयात दोन रात्री फरशीवर झोपली रामसखी, पदर अंथरून. उपचार म्हणजे एका सलाइनचं काम. पण ते मिळेपर्यंत खिडकीपाशी भांडावं लागलं. भांडली!

२ नोव्हेंबर

बुधनीचा ताप उतरला. भाताबरोबर मासा मागतेय.

फळ्यावरचं शून्य मी पुसलं. पदराने.

१६ नोव्हेंबर

सकाळी दारात म्हातारी, हातात सूप. रामसखीची सासू.

"मिशनवालीच्या घरची भीक चालते का गं?" मी आपली थट्टा केली.

"ताप जात विचारतो का, बाई?"

मी तांदूळ सुपात टाकले. "नवस कोणासाठी?"

"सुनेसाठी. दसऱ्याच्या आधीपासून अंग तापतंय. म्हणते, कोणाला सांगू नका. आशालाच ताप म्हटलं, तर टोलीत दार कोण उघडेल?"

पट्टी घेऊन तशीच गेले. दोन रेषा.