जावयांनी सांगितलेली डिस्क

हिनकल, म्हैसूर
९ जानेवारी २०२४

चि. विजयेंद्रराव यांस दामोदररावांचे अ. उ. आशीर्वाद.

वि. वि. माझ्या संगणकाची डिस्क खरखर करू लागली आहे, फार दिवस टिकेलसे वाटत नाही. फोनवर मला नीट सांगता येत नाही आणि तुम्ही कामात असता, म्हणून पत्र. दुकानात दोन डिस्क आहेत, भाव जवळपास सारखाच. एक दोन टीबीची, पण संथ. दुसरी पाचशे जीबीची, पण चपळ.

आपल्या रंगाऱ्यांच्या घरांत उरलेल्या जुन्या छापील लुगड्यांचे फोटो मी निवृत्तीपासून काढतो आहे. ठशाची रेघ न रेघ दिसेल असे मोठे फोटो. आता छापणारं कोणी राहिलं नाही, निदान नक्षी तरी राहावी. ते सगळं नव्या डिस्कमध्ये ठेवायचं आहे. तुम्ही सांगाल ती घेतो.

रम्यास आशीर्वाद. आमच्यावर माया आहे, ती अशीच राहू द्यावी.

दामोदरराव

पुणे
१८ जानेवारी

ती. मामांस सा. न.

रम्याच्या पाकिटातच ही चिठ्ठी घालतो. चपळ डिस्क घ्या, अगदी डोळे मिटून. संथ डिस्क हल्ली कोण घेतं? कन्नड मालिका बघायला तुम्हाला एवढी जागा तरी कशाला हवी? कॉफी गाळून होईतो संगणक सुरू झालेला असेल.

तब्येतीस जपा, लोभ वाढवा.

विजयेंद्र

हिनकल
२० फेब्रुवारी

चि. रम्या हिस अनेक आशीर्वाद.

हे तुला एकटीलाच लिहितो आहे. विजयेंद्ररावांच्या कानावर घालू नकोस.

त्यांनी सांगितलेली डिस्क आणली. दुकानात उभा असतानाच मला कळत होतं की हिच्यात सगळं मावायचं नाही. पण जावयांना आपणहून विचारायचं आणि मग त्यांचाच शब्द मोडायचा, हे माझ्याच्यानं होईना. पुन्हा विचारावं तर म्हणतील, म्हाताऱ्याला एकदा सांगून कळत नाही. तुमच्या लग्नाची चित्रफीत आधी घातली, ती मागे ठेवणं बरं दिसलं नसतं. मग निम्मीच लुगडी मावली. बाकीची जुन्या डिस्कवर राहिली, आणि परवा ती कायमची बंद पडली.

कुसुमावतीबाईंच्या सासूचं लाल लुगडं त्यातच होतं. फोटो निघाले म्हणून त्यांनी ते फाडून पणतीला दुपटी शिवली. परवा विचारत होत्या, फोटो कधी दाखवता. मी नुसतं कानडीत सरी, सरी, म्हणजे बरं, बरं म्हणत निघून आलो. आता देवळात जाताना त्यांची गल्ली टाळतो. फार लाज वाटते गं.

तुझी आठवण येते. पत्र धाडत जा.

अप्पा

पुणे
१ मार्च

ती. मामांस सा. न.

रम्यानं तुमचं ऐकलं नाही. दोन्ही पत्रं माझ्यापुढे ठेवली आणि आत निघून गेली.

तुमचं जानेवारीचं पत्र मी आज पहिल्यांदा पुरं वाचलं. तेव्हा दोन डिस्कपर्यंत वाचून थांबलो होतो. लुगड्यांचा मजकूर त्याच्या खालीच होता. कामावर कुणी परक्यानं विचारलं तरी माझा पहिला प्रश्न असतो, ठेवायचं काय आहे. तुम्हाला तो विचारला नाही, कारण तुमच्याजवळ जपण्यासारखं काही असेल असं माझ्या मनातच आलं नाही. हे लिहितानाही मान वर होत नाही. आणि लग्नाची ती चित्रफीत आम्ही दोघांनी अजून पुरी पाहिलेली नाही.

बंद डिस्क टाकू नका. शनिवारी येऊन नेतो. इथल्या जाणकारांना दाखवीन, पण खात्री देत नाही. कुसुमावतीबाईंना मीच भेटून सांगेन.

रागवा, पण दूर करू नका.

आपला विजयेंद्र

हिनकल
२ एप्रिल

चि. विजयेंद्रराव यांस अ. उ. आशीर्वाद.

शेजारचे भुजंगराव डिस्क घेत आहेत. दुकानात त्याच दोन आहेत, भावही तोच. पलटणीतल्या त्यांच्या पूर्वजांची पुष्कळ छायाचित्रं ठेवायची आहेत. दुसऱ्या कोणाला विचारू नका, आमच्या जावयांना यातलं कळतं, असं मी त्यांना सांगितलं आहे. तुम्ही म्हणाल ती ते घेतील.

जुन्या डिस्कमधून काही निघालं नाही, हे कळलं. तुम्ही कुसुमावतीबाईंच्या दारात हात जोडून उभे राहिलात, मलाच संकोच झाला. त्या आता माझ्याशी बोलतात, पण लुगड्याचा विषय काढत नाहीत. मन लावून घेऊ नका. उरलेली लुगडी मी रोज थोडी थोडी बघतो.

उन्हाळ्यात दोघं या. कामाचं तेवढं या खेपेस मुद्दाम सगळ्यात वर लिहिलं आहे. खालचं सवड झाली तर वाचा, नाही वाचलंत तरी चालेल.

दामोदरराव