पांढरंशुभ्र पिल्लू

क्योटेरा,
१४ ऑगस्ट १९९८

प्रिय नडागिरेताई,

तिकडे सगळे बरे असाल. इथे मटोकेच्या केळींना घड चांगले धरलेत. ह्यांची पाठ अजून दुखतेच.

पत्र आणणाऱ्या मोटारसायकलवाल्याकडे एक टोपली आहे. तिच्यात वारुळाच्या पोटातली लाल माती आहे. आधी ती मी पाठवलेल्या डुकराच्या पिल्लापुढे टाकून ये, मग पुढचं वाच.

टाकलीस?

काल आपल्या डुकरं पाळणाऱ्या गटातल्या बायकांनी तुझा निरोप आणला, "दोन वर्षांचा अबोला सोडून धाकटीने पाठवलं काय, तर सगळ्यांत पांढरंशुभ्र पिल्लू!" त्या हसल्या. ताई, अंगात रक्त नाही म्हणून ते पांढरं आहे गं.

आपल्या गटाचा नेम तुला ठाऊकच आहे. डुकरीण व्याली की पहिली मादी पुढच्या बाईला द्यायची, आणि पिल्लांना तिसऱ्या दिवशी लोहाचं इंजेक्शन द्यायचं. पण मी डुकरांच्या खोपटात नवी सिमेंटची फरशी केली होती ना! हे म्हणाले, "अगं, टोचायचं ते चिखलात लोळणाऱ्यांना. आपल्या फरशीवर तर आपणच जेवायला बसू." मलाही तोरा चढला. पिल्लांच्या इंजेक्शनच्या कार्डावर 'दिलं' असं मीच लिहिलं.

चिखलातली पिल्लं माती उकरून खातात, तिच्यातून त्यांना लोह मिळतं. माझी सिमेंट चाटत राहिली. दूध तोडलं तशी धापा टाकू लागली. आज सकाळी कोंड्याची थाळी वाजवली, तर दोन धावत आली आणि थाळीपाशीच कोसळून मेली. पशुवैद्य मला वाट्टेल ते बोलले. उद्या दुपारी ते तुझ्याकडे येतील. तोवर थाळी वाजवू नकोस, पोरांना पिल्लामागे पळू देऊ नकोस. मला फार भीती वाटते, ताई.

आणि अजून एक सांगायचं आहे. तुझं पिल्लू पाठवलं त्याच्या आदल्या दिवशीच एक असं मेलं होतं. मला कळलं होतं, तरी पाठवलं. मी नाही म्हणाले असते तर कार्डावरचं खोटं उघडं पडलं असतं. शिवाय आईच्या दफनाच्या दिवशी भांडलो, त्यानंतर पहिल्यांदाच तू माझ्या हातचं काही घ्यायला तयार झाली होतीस.

फरशी मी कुदळीने फोडायला घेतलीय.

पिल्लू जगलं तर हे पत्र चुलीत घाल. मेलं तर गटाच्या बैठकीत मोठ्याने वाच. मी पुढेच बसेन.

पुन्हा अबोला धरू नकोस म्हणायला तोंड न उरलेली,
तुझी नाब्वेतेमे