काड्यापेट्यांतलं राखीव रान

परभणी,
रविवार, २० फेब्रुवारी १९९४

आदरणीय भुजंगराव दाजींच्या सेवेशी,

धाकट्या मेहुण्याचा सविनय जयभीम. कुसुमअक्का महिनाभर इथं माहेरी आबांच्या उशाशी बसून आहे, तेव्हा तिकडं सेलूत तुमच्या जेवणाचे काय हाल चालले असतील याची कल्पना आहे. (अक्का म्हणते, छापखान्यातल्या सरसातच पीठ कालवून भाकरी थापत असतील.) तुमचा गुडघा, तुमचं मशीन आणि बांधणीची कामं, तिन्ही बरी चालली असतील अशी आशा आहे. आबांचं विचाराल तर त्यांना आता दिसत नाही, अन्न जात नाही, आणि गेल्या सोमवारी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून पंधरा दिवस सांगितले. अक्काला मी हे सांगितलेलं नाही. तिला माहीत आहे.

आबांना स्वतःसाठी काही नको आहे. रोज सकाळी चहाचा चमचा तोंडाला लावला की एकच विचारतात, ‘सूर्या, पुस्तक आलं का रं?’ पुस्तक म्हणजे माझा पीएच.डी.चा प्रबंध. तो तुम्हाला ठाऊकच आहे, कारण गेली तेरा वर्षं प्रत्येक लग्नात आणि प्रत्येक पुण्यानुमोदनात तुम्ही चारचौघांत मला त्याबद्दल विचारत आलात. विषय स्लाइम मोल्ड. पुस्तकी मराठीत त्याला श्लेष्मकवक म्हणतात, आबा शेंबूड म्हणतात, आणि खरं सांगायचं तर आबांचाच शब्द बरोबर आहे. हा जीव ना झाड, ना जनावर, ना धड बुरशी. पावसाळ्यात कुजक्या लाकडावरून पिवळा ओघळ होऊन सरकतो, सुकायला लागला की टाचणीच्या डोक्याएवढे गोंडे उभे करतो आणि गप्प राहतो. जिंतूरकडच्या डोंगरातल्या राखीव रानात त्याचे एक्केचाळीस प्रकार आम्ही शोधले. आम्ही म्हणजे आबांनी. मी एम.एस्सी. झालेला, भिंग घेऊन उभा राहायचो, आणि जन्मभर लोकांची लाकडं फोडलेला हा माणूस ओंडका पालथा करून म्हणायचा, ‘हे बघ, ह्ये गुलाबी हाय.’

हे नमुने काड्यापेटीत चिकटवून ठेवायची पद्धत आहे. (जगभर आहे, मी काढलेली नाही.) एकोणऐंशीच्या श्रावणात नाक्यावर वनरक्षकानं आमची झोळी उलटी केली, तर आत तीस काड्यापेट्या, आणि विडी तर दोघंही ओढत नाही. त्यानं साहजिकच ओळखलं की हे रान पेटवायला आलेत. (आदल्या वर्षी नामांतराच्या दंगलीत आपल्या वस्तीचं काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. तेव्हा काड्यापेट्या कोणाच्या खिशात होत्या हे कोणी तपासलं नव्हतं.) मी त्याला लॅटिन नावं सांगू लागलो, त्यानं संशय आणखीच वाढला. शेवटी आबांनी एक पेटी त्याच्यापुढं उघडली आणि म्हणाले, ‘साहेब, काडी एक बी न्हाई. शेंबूड हाय. नेऊ द्या.’ त्यानं नेऊ दिला. परतताना एस.टी.त आबा जिंतूरपासून परभणीपर्यंत हसत होते. मला तेव्हा हसू आलं नाही आणि अजूनही येत नाही.

प्रबंध एक्याऐंशीला लिहून, टाइप करून झाला. आबांनी पहिलं पान मोठ्यानं वाचायला लावलं आणि विचारलं, ‘ह्यात विद्यापीठाच्या नावात बाबासाहेब कुठं हायत?’ मी म्हणालो, मागणी चालू आहे. ‘मग थांब,’ म्हणाले. मीही तेव्हा मोर्चांमध्ये घसा बसवलेला गडी, म्हणालो, नाव आल्याशिवाय देतच नाही. दोन-तीन वर्षांचा प्रश्न आहे असं दोघांनाही वाटलं. मग आमचे मार्गदर्शक सर निवृत्त झाले, माझे विद्यार्थी डॉक्टर होऊन मलाच सल्ले देऊ लागले, आणि माझ्या बायकोनं, पंचफुलेनं (जिला तुम्ही गरीब स्वभावाची म्हणता) प्रबंध आणि तीनशे काड्यापेट्यांच्या त्या लाकडी खोक्याला ‘सवत’ म्हणून हाक मारायला सुरुवात केली. शेवटी सवत गावाकडं, झरीच्या घरी रवाना झाली.

यंदा चौदा जानेवारीला नाव आलं. आबांनी अंथरुणातून पेढे मागवले, एकही खाता आला नाही. मी त्याच आठवड्यात झरीला जाऊन खोकं उघडलं. दाजी, वाळवी. प्रबंधाची माती, काड्यापेट्यांची माती, रानाची माती. दहा पावसाळे कुजक्या लाकडात घालवलेल्या माणसाला वाळवी आठवू नये, याला काय म्हणावं? सरांना भेटलो, ते म्हणाले, नमुने पुन्हा गोळा करावे लागतील. म्हणजे आषाढ यायला हवा, आणि आबांपाशी तेवढे दिवस नाहीत. त्यांना वाळवीचं कळू दिलेलं नाही. रोज सांगतो, दाजींकडं बांधणीला टाकलंय, सोनेरी अक्षरं वाळायची राहिलीत. तुमचं नाव असं परस्पर पुढं केल्याची माफी मागावी, एवढ्यासाठीच हे पत्र. दुसरं काही काम नाही. वस्तीत सर्वांना जयभीम सांगावा.

आपला,
सूर्यभान

ता. क. : काम आहे. चारशे कोऱ्या कागदांचं एक पुस्तक बांधून द्या. वर विद्यापीठाचं नवं नाव सोनेरी अक्षरांत, असं खोल दाबून की बोटांना लागावं. आतलं त्यांना दिसणार नाही. कोणाला सांगू नका. मी मास्तर माणूस, बापाला फसवायला मला लाज वाटते, पण दुसरं काही सुचत नाही.

ता. क. दुसरा, बुधवार : पत्र टाकायचं राहिलं. मला लिहिताना पुटपुटायची खोड आहे, आणि आबांचे कान शाबूत आहेत हे मी विसरलो. रविवारचं सगळं त्यांनी ऐकलं. सोमवारी संध्याकाळी म्हणाले, ‘मला आंधळा म्हन, येडा म्हनू नको. कोऱ्या कागदासाठी म्या तेरा वर्सं थांबलो व्हय?’ मग अक्काकडून त्यांनी आपली पत्र्याची पेटी उघडवली. धोतराच्या घडीत माझी रानातली डायरी होती. मला वाटत होतं ती कधीच हरवली. पानोपानी तारीख, कुठलं लाकूड, कुठला रंग, आणि खाली ‘सापडला : सटवाजी लिंबाजी’, म्हणजे आपले आबा. (मला सापडलेले चार आहेत. त्यांतले दोन पाखरांची शीट निघाले.) ‘ह्ये बांध,’ म्हणाले. ‘हाय तेवढंच बांध.’

कालपासून ती त्यांना वाचून दाखवतोय. ते मध्येच थांबवतात. तो साग नव्हता, मोह होता. तो पिवळा नव्हता, आदल्या दिवशी होता. मी बाजूला पेन्सिलीनं दुरुस्ती करतो. आज निम्मी डायरीही झालेली नाही, म्हणून ती तुमच्याकडं पाठवता येत नाही. तेव्हा पुठ्ठा, दोरा, सरस आणि ती सोनेरी अक्षरं घेऊन तुम्हीच या. इथं बाजेपाशी बसून बांधा. पंधरातले नऊ दिवस गेले, दाजी. दुपारच्या गाडीची वाट बघू नका, सकाळचीच धरा.