चौथ्या स्क्रूवरचा स्टिकर

मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५. संध्याकाळी ७ वाजून १० मिनिटे. नव्या मिक्सरचे चारही स्क्रू परत बसवले, हात धुतले आणि लिहायला बसलो.

दिवाळीच्या चटणीच्या ऑर्डरी सुरू असतानाच आईचा जुना मिक्सर जळाला, म्हणून काल हा घेतला. साधा २,८०० ला होता, हा ६,५०० ला. दुकानदार म्हणाला, "आत अस्सल तांबं आहे भाऊ. पाच वर्षं वॉरंटी, बघायचं काम नाही." तेच खटकलं. मी अंबडच्या कारखान्यात विजेच्या मोटारींची वाइंडिंग, म्हणजे आतली तार गुंडाळायचं काम करतो. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार रोज हातात असते. एवढं गोड बोलणारा खरं कशाला सांगेल?

आज कामावरून येऊन तळ उघडला. चौथ्या स्क्रूवर रुपेरी स्टिकर होता. वाचला, तरी फाडला. तारेचं टोक ब्लेडने खरवडलं. आतपर्यंत लाल. तांबंच आहे.

आई दारात उभी होती. "झालं समाधान? आणि हा कागद कशाचा फाटला?"

"काही नाही, नुसता स्टिकर आहे."

"मलाही वाचता येतं रे. सील तोडलं की वॉरंटी संपली, असं लिहिलंय."

आता ती चटणी वाटते आहे. कालचा आवाज असाच होता का? की स्क्रू मीच सैल बसवला?

दिले २,०००. देणे ४,५००, नऊ हप्ते. साध्यापेक्षा जास्तीचे ३,७००. त्यातले तांब्याचे किती आणि त्या स्टिकरचे किती, हे दुकानदाराला विचारायची सोय राहिली नाही.