कावळ्यासमोर दिलेला शब्द

माले, श्रावण १९६५

चिरंजीव जयसिंगास थोरल्या बहिणीचा आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. नागालँडातल्या त्या गावात तू एकटाच हिंदू. आबांच्या दहाव्याला भटजी मिळाला न्हाई, म्हणून आपलं आपणच डोकं भादरून तू नदीवर पिंड ठेवलास. चर्चातली मंडळी गुमान तुझ्यामागं उभी राहिली. वाचून लई रडले.

हितं मुळेच्या काठी दुपार झाली तरी पिंडाला कावळा शिवंना. भावकी म्हणाली, "सगुणे, म्हाताऱ्याचा जीव कशात अडकलाय, तुलाच ठावं. बोल." मी हात जोडून बोलले, "आबा, जयसिंग माघारी येईल, तुमची भाताची खाचरं तोच लावील." तवा कुटं कावळा उतरला.

आन् तुझ्या पत्राच्या शेवटी लिवलंय, तितल्याच मास्तरणीशी लगीन ठरलंय, आता तेच तुझं गाव. पोरगी चांगलीच असंल. पण तुला न इचारता तुझा शब्द मी मेलेल्या माणसाला देऊन बसले. हे तुला कळवायचा धीर न्हाई, म्हणून हे पत्र न धाडता कणगीत ठेवतेय.

कावळा तर पिंड खाऊन उडून गेला. दिलेला शब्द आता मी कुणाकडनं माघारी घेऊ?

तुझी,
सगुणाक्का