बाबांना माइक लागतो का?

अहो,

लेकीला घेऊन मी ताईकडे चालले आहे. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घ्या.

"बाबा, मला हल्ली प्रार्थनाच करता येत नाही," असं ती तुम्हाला सांगायला आली, तेव्हा तुम्ही उपदेशाच्या तयारीत होता. "नंतर बोलू," म्हणालात. ते बोलणं आज झालं, तेही चर्चमध्ये, सगळ्या मंडळीसमोर! घरच्यांना विश्वासात कसं वाढवावं हे शिकवताना तुम्ही पोटच्या पोरीचंच उदाहरण दिलंत. लोक माना डोलवत होते आणि ती माझ्या शेजारी मान खाली घालून बसली होती. घरी आल्यावर मला म्हणाली, "आई, माझ्याशी बोलायला बाबांना माइक लागतो का?"

काय सांगू मी तिला?

संध्याकाळी चर्चच्या पुढाऱ्यांच्या वर्गाला पेटी वाजवायला मी येणार नाही. बायकोला बरं नाही, अशी थाप मारू नका. मी ठणठणीत आहे, फक्त संतापले आहे. पाळक म्हणून तुम्ही दुसऱ्यांची घरं सावरता, मग आपल्या घराने काय घोडं मारलंय?

वर्ग आज दुसऱ्या कुणावर सोपवा आणि ताईकडे या. येताना बायबलमधली वचनं शोधून आणू नका. आधी तिची माफी मागा. मग आजोबांचा विषय काढा. ते गेल्यापासून ती अशी झाली आहे. तुमचे वडील होते ते, पण तुम्ही घरात त्यांचं नावही घेत नाही. मग तिने रडायचं कुणापाशी?