मिरचीच्या दिवसांत माहेरी

माय, तुला जाऊन अठरा वर्षं झाली. तुझ्या नातीला दिवस गेलेत, तिसरा महिना आहे, आणि तिच्या पोटात पाण्याचा घोटसुद्धा ठरत नाही. चाळीसगावहून तिला मीच आणली. सासरची माणसं चांगली आहेत, राहू द्या म्हणत होती. पण मीच हट्ट धरला, माहेरी चार दिवस आराम पडेल. काय अक्कल माझी! धुळ्यातला उन्हाळा, खाली आपलं मसाला कांडप आणि वर घर. मिरचीचा खकाणा जिना चढून थेट तिच्या उशाशी. मी अंघोळ करून, कपडे बदलून दारात उभा राहिलो तरी पोरगी तोंडावर ओढणी धरते आणि हातानेच सांगते, जा. आपल्याच लेकीला आपला वास सोसेना, माणसाने करावं तरी काय?

हिच्या वेळी हिची आई अशीच ओकायची आणि मी म्हणालो होतो, नाटकं आहेत. अजून डोळ्यांसमोर आहे, तू मिरचीचे देठ खुडत बसली आहेस, मान वर न करता म्हणतेस, "तुना टाइमले तीन महिना मन्हा पोटमा पानीबी ठरे नही. नाटक कसानं रे?" दुसऱ्या दिवसापासून तू तिला उठण्याआधी, अंथरुणातच मूठभर मुरमुरे द्यायचीस, मग थोडं थोडं पाणी. मी पोरीलाही तेच दिलं. लिंबू हुंगवलं, गार दहीभात दिला. सगळं बाहेर. मला वाटलं, होतंच असं, जाईल. काल तिला उभं राहवेना, दिवसभर लघवी नाही. दवाखान्यात आणली तर डॉक्टरीणबाई माझ्यावरच तापल्या, "काका, ही साधी मळमळ नाही. अंगातलं पाणी संपलंय. आधी का नाही आणलंत?" आता सलाईन लावलंय. तिची आई जवळ बसली आहे. मी बाहेर बाकावर, कारण माझ्या बोटांचा वास अजून गेलेला नाही.

जो तो विचारतो, कांडप बंद का नाही ठेवलं? मी सांगतो, लोकांच्या मिरच्या येऊन पडल्या होत्या, सीझन आहे. पोरीलाही हेच सांगितलं. हे कुणाला पाठवायचं नाही, म्हणून खरं लिहितो. बंद ठेवता आलं असतं, माय. पण मशीन थांबलं की वरून तिचं ओकणं ऐकू यायचं, आणि मला ते ऐकवत नव्हतं. म्हणून मी पुन्हा बटण दाबायचो.